नातेवाइकांशी बोलण्याचीही तालीम हवी

महोदय,

सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून मी ३२ वर्षे काढली. त्यातली एक रात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. साठीच्या, मधुमेह असलेल्या एक बाई आल्या. ‘पित्त झालंय, मळमळतंय, दम लागतोय’, एवढेच सांगत होत्या. छातीत दुखत नव्हते, म्हणून नवख्या डॉक्टरांनी पित्ताचे इंजेक्शन दिले. मधुमेहींना, त्यातही बायकांना, छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, हे त्यांनी वाचलेले असणारच. पहाटे चार वाजता ते आठवले नाही. ईसीजी काढला तोवर उशीर झाला होता. मग जिन्याजवळ उभ्याउभ्याच त्यांनी मुलाला सांगितले, ‘शी इज नो मोअर’, आणि ते आत निघून गेले. मुलगा माझ्याकडे बघून विचारत राहिला, ‘सिस्टर, काय म्हणाले ते?’

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडून हे आधी कुणी करवूनच घेतले नव्हते.

धडधाकट माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवण्याचा प्रयोग डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत केला. आता श्वास घेणारे, नाडी लागणारे पुतळेही आहेत. तिथे चुकले तर कुणाची आई जात नाही, आणि नंतर शिक्षक विचारू शकतात, ‘पित्तच का वाटलं? ईसीजी आधी का नाही सुचला?’ पुतळा किती महागाचा यापेक्षा मला हे प्रश्न मोलाचे वाटतात.

एमबीबीएसला २०१९ च्या तुकडीपासून संवादकौशल्याचा ‘एटकॉम’ अभ्यासक्रम आला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सरावात वर्गमित्रच नातेवाइकाची भूमिका करू लागला, तर त्याच्यापुढे जीभ अडखळेल कशी? आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत गावोगावचे हौशी कलावंत उतरतात. त्यांना नातेवाइकांच्या भूमिकेसाठी मानधन देऊन बोलवावे. कुणी अहिराणीत भांडेल, कुणी वऱ्हाडीत विनवेल, कुणी नुसतेच भिंतीकडे बघत बसेल. डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगावे, स्वतः बसावे, आतापर्यंत काय कळले आहे ते विचारावे, ‘आई गेल्या’ हे मराठीत म्हणावे आणि मग गप्प राहावे. हे गप्प राहणे फार अवघड असते.

रात्रपाळीला पाठवण्याआधी प्रत्येक इंटर्नकडून असे दोन-तीन प्रसंग तरी करवून घ्यावेत. त्या तालमीला वॉर्डातल्या सिस्टरलाही बसवावे. डॉक्टर निघून गेल्यावर नातेवाईक तिलाच विचारतात.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा