जीभ जड नसते हो

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातला, वय ४३, लहानपणापासून बोलताना अडखळतो. लोक तोतरा म्हणतात. मागच्या महिन्यात साडेचार वर्षांच्या पुतण्याचं पण तसंच सुरू झालं आणि घरात लगेच वेखंड उगाळणं चालू, म्हणून पत्र लिहायला बसलो.

माझ्या वेळी पण हेच. आजी म्हणायची पोऱ्यानी जीभ जड शे, मग वेखंड, मध, कुणी म्हणे तोंडात खडे ठेवून बोलायला लावा, एकाने तर जिभेखालची शीर कापून आणा सांगितलं. अहो जीभ चांगलीच असते, कोणता आवाज कधी काढायचा याची मेंदूत जी जुळवाजुळव होते तिथे गाडी अडकते. बऱ्याचदा घराण्यात चालत येतं, २०१० मध्ये संशोधकांना याच्याशी संबंध असलेले जीन पण सापडले. आमच्याकडे चुलत आजोबा, मग मी, आता हा. तरी आईला अजून वाटतं मी शेजारच्या पोराची नक्कल करून बिघडलो. नकलेने हे लागत नाही.

आणि घाबरतो म्हणून अडखळतो, हे तर सगळेच म्हणतात. आधी शब्द अडकतो, लोक हसतात, मग भीती बसते आणि भीतीने अजून अडकतो, असं आहे ते. शाळेत हजेरीला प्रेझेंट सर निघायचंच नाही, प वर ओठ चिकटून बसायचे, चार नावं आधीपासून घाम, आणि एक सर मी समोर बसलेला असताना गैरहजेरी मांडायचे. पारोळ्याचा प पण तोच. कॉलेजला असताना जळगावहून घरी येताना कंडक्टर समोर आला की सरळ धुळे म्हणायचो, धुळ्याचे पैसे भरायचो आणि पारोळ्याला उतरून जायचो. कितीदा तरी. घरी कुणाला माहीत नाही, आज पहिल्यांदा सांगतोय.

कानबाईची गाणी म्हणताना मात्र एक शब्द अडकत नाही, बैलांशी बोलताना पण नाही, मग लोक म्हणतात बघा, नाटक करतो. नाटक नाही ते. गाताना, सगळ्यांसोबत एका सुरात म्हणताना, एकटं असताना बहुतेकांचं अडखळणं जातं नाहीतर खूप कमी होतं.

आईबापांनी घाबरू नये. लहानपणी साधारण १०० त ५ पोरं अडखळतात, बहुतेकांचं आपोआप सुटतं, मोठेपणी १०० त १ च्या आसपास उरतो, त्यात बायांपेक्षा पुरुष चौपट. पण कुणाचं सुटेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून सहा महिने झाले किंवा घरात आधी कुणाला असेल तर वाट न बघता स्पीच थेरपिस्टला दाखवा. आम्ही पुतण्याला जळगावला नेतोय. आणि सावकाश बोल, श्वास घे, परत म्हण, हे बंद करा, पोराला त्याने एवढंच कळतं की आपलं काहीतरी चुकतंय.

काल तो मला सांगायला आला, गा गा गाईला, वहिनी मधेच शब्द पुरवायला लागली, मी हाताने थांबवलं. अर्धा मिनिट लागला असेल त्याला. वासरू झालंय, काळं आहे, कपाळावर पांढरा ठिपका.

आपला,
एक वाचक, ता. पारोळा, जि. जळगाव