परप्रांतीयांनी मराठी शिकावी, पण शिकवणाऱ्याचा पगार कोणी द्यावा?

महोदय,

परराज्यांतून आलेल्या कामगारांना मराठी आलीच पाहिजे, अशी मागणी करणारी पत्रे आपल्या दैनिकात वरचेवर वाचावयास मिळतात. मागणी रास्तच आहे. मात्र दिवसभर विटा-सिमेंट वाहणाऱ्या माणसाने ही भाषा कोठे, कोणत्या वेळी आणि कोणाकडून शिकावी, याविषयी त्या पत्रांत एक ओळही नसते. पिंपरी-चिंचवडमधील शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी वाकडजवळच्या एका मजूर वस्तीत संध्याकाळचा वर्ग घेते. त्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाच्या पैशाच्या बाजूविषयी काही लिहावेसे वाटते.

आमच्या वस्तीत बिहार आणि उत्तर प्रदेशाप्रमाणेच पश्चिम बंगालमधील मालदा व मुर्शिदाबाद जिल्हे आणि ओडिशा येथील कुटुंबे आहेत. हिंदी भाषकाला निदान देवनागरी वाचता येते; बंगाली किंवा ओडिया मजुराला पीएमपीच्या बसवरचा देवनागरी क्रमांकही लागत नाही. त्यातही गंमत अशी की बंगालीतला सातचा आकडा आपल्या १ सारखा दिसतो, त्यामुळे कालच गावाहून आलेला मिस्त्री आपला १ बिनदिक्कत सात म्हणून वाचतो आणि भलत्याच बसमध्ये चढतो. म्हणून आमच्याकडे पहिले काही दिवस बाराखडीला हात न लावता बसचे क्रमांक, मजुरीचा हिशोब आणि बाळाच्या लसीकरण कार्डावरच्या तारखा एवढेच शिकवले जाते. मुलांची अडचण निराळी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. परंतु त्याच कलमाने देऊ केलेले विशेष प्रशिक्षण प्रत्यक्षात मिळाले नाही, तर मराठीचे अक्षरही न पाहिलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी थेट चौथीच्या बाकावर बसते आणि वर्षभर फळ्यावरचे नुसते उतरवून घेत राहते.

आता देणगीविषयी. दिवाळीच्या आधी आणि मार्चअखेरीस आमच्या वस्तीत कंपन्यांच्या गाड्या येतात, दप्तरे, चादरी आणि धान्याच्या पिशव्या वाटल्या जातात, फलक धरून छायाचित्रे निघतात. या वस्तू निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, थंडीत चादर लागतेच. पण एका घरात तीन-तीन दप्तरे आणि ती उघडून शिकवणारे कोणीच नाही, ही स्थिती मी स्वतः पाहिली आहे. अशाच एका कंपनीच्या अधिकाऱ्यांना मी विनंती केली की, पुढील वर्षी वाटप निम्मे करावे आणि उरलेल्या रकमेतून बंगाली व मराठी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या एका शिक्षिकेचा पगार द्यावा. त्यावर, पगार हा प्रशासकीय खर्च असल्याने तो आमच्या नियमांत बसत नाही, असे उत्तर मिळाले.

हे उत्तर कायद्याला धरून नाही, आणि ते अनेक ठिकाणी दिले जात असावे, म्हणून थोडे तपशिलाने लिहिते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली, ५०० कोटींचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे हे खरे. परंतु २०२१ च्या सुधारित नियमांत प्रशासकीय खर्चाची जी व्याख्या दिली आहे, तीतून प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च वगळला आहे. शिकवणे हाच प्रकल्प असेल, तर शिकवणाऱ्या व्यक्तीचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च ठरतो. शिवाय सुरू झाल्याचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प हाती घेण्याची मुभा आहे, आणि कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कलमातच म्हटले आहे. ज्या कंपनीची कार्यालये या मजुरांनी बांधली, तिच्या दृष्टीने यांच्याहून जवळचा परिसर कोणता?

केरळमध्ये हे घडले आहे. एर्नाकुलम जिल्ह्यात बिनानीपुरमच्या सरकारी शाळेतून २०१७ मध्ये ‘रोशनी’ हा उपक्रम पुढे आला. स्थलांतरित मुलांची मातृभाषा आणि मल्याळम अशा दोन्ही भाषा जाणणारे स्वयंसेवक नेहमीची शाळा भरण्याआधी दीड तास या मुलांना शिकवत, आणि मुलांना न्याहारी मिळे. यासाठीचा निधी भारत पेट्रोलियमच्या कोची रिफायनरीने सामाजिक दायित्वाच्या खात्यातून दिला. प्रौढांसाठी तेथील साक्षरता मिशनने त्याच वर्षी पेरुम्बावूरमध्ये मल्याळमचे वर्ग सुरू केले. आपल्याकडेही पाठ्यसामग्रीची अगदीच वानवा नाही. राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने अमराठी प्रौढांसाठी मराठीचा अभ्यासक्रम तयार केलेला आहे. तो वस्तीवर नेऊन शिकवणारी माणसे मात्र नाहीत.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार परळ-लालबागच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होता, तेव्हा १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने त्याच्यासाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली, आणि त्या कामाला मुंबईतील दात्यांनी हात दिला. आज अमेरिकेत मुलाकडे राहून आलेले आपलेच ज्येष्ठ नागरिक तेथील सार्वजनिक ग्रंथालयात इंग्रजीचे वर्ग फुकट चालतात म्हणून तोंडभरून कौतुक करतात. हेच गृहस्थ परत आल्यावर सोसायटीच्या सभेत मजुरांच्या मुलांसाठी क्लब हाउसची एक खोली द्यायला विरोध करतात, ते कसे, हे मला उमगलेले नाही.

इमारत पूर्ण झाली की ही माणसे निघून जातात, मग त्यांच्यावर खर्च का करावा, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ही माणसे साइट सोडतात, शहर सहसा सोडत नाहीत. वाकडची साइट संपली की त्याच मुकादमाबरोबर पुनावळे किंवा हिंजवडीला जातात. म्हणून शिक्षिकेची नेमणूक एका इमारतीसाठी न करता त्या भागासाठी करावी आणि वस्ती हलली की वर्गही हलवावा. ठेकेदारानेही आठवड्यातून दोन दिवस, मजुरी न कापता, स्त्रियांना अर्धा तास आधी सोडावे. एरवी त्या कामावरून येऊन चूल पेटवतात तेव्हा आमचा वर्ग संपत आलेला असतो, आणि पुरुष व मुले शिकतात तेवढ्याही त्या शिकत नाहीत. पुढील आर्थिक वर्षाच्या योजना आखताना पुणे-पिंपरी परिसरातील कंपन्यांनी आणि धर्मादाय न्यासांनी वाटपाच्या रकान्याखाली तीन वर्षांच्या पगाराचा एक रकाना घालावा, आणि त्याखाली येणाऱ्या वर्गांवर महापालिकेच्या शिक्षण विभागाने देखरेख ठेवावी, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, पिंपरी-चिंचवड