खुर्चीचा बेस सुटा मिळावा

महोदय,

रत्नागिरीत मी ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करतो. इथल्या खाऱ्या हवेत लोखंडी पाय वेल्डिंगच्या जोडापासून गंजायला लागतात. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा, साच्यात ओतलेला पाच पायांचा बेस गंजत नाही, हलकाही असतो. त्याचं मी स्वागतच करतो. पण चाकाच्या भोकापाशी तो तडकला की वेल्डिंगचा प्रश्नच नाही, अख्खा बेसच बदलावा लागतो. तोच बाजारात सापडत नाही! परवा एका कार्यालयातून धडधाकट गादीच्या खुर्च्या कचऱ्यात निघाल्या, फार वाईट वाटलं. लोखंड भंगारवाला वजनावर नेतो, नायलॉनचे हे तुटके बेस घेत नाही. सरकारी खरेदीच्या निविदेतच सुटे बेस आणि चाकं निदान दहा वर्षं पुरवण्याची अट घालावी.

– एक खुर्ची कारागीर, रत्नागिरी