पूर्वेकडचा राजा

ईम, डर्बीशायर
जुलैअखेर

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला गाव आवडलं, ठीक आहे. पण मला तिथे वाढवायला नको होतं." मी गप्प बसलो, तेव्हा तुला वाटलं असेल की मला राग आला. राग नाही आला गं. काय बोलावं ते सुचेना. लिहायला बसलं की मला सुचतं, म्हणून हे पत्र. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, तर सावकाश वाच.

आधी तुझं म्हणणं. नाताळच्या नाटकात पाच वर्षं तुला एकच काम मिळालं. पूर्वेकडून आलेल्या तीन राजांपैकी एक. मरिया कधी नाही, देवदूतही नाही. आई दर डिसेंबरात सोनेरी कागदाचा मुकुट करायची आणि मी पुढच्या रांगेत बसून फोटो काढायचो, पुण्याला आजीला पाठवायचो. सात वर्षांची असताना गाडीत तू विचारलंस, "मला पंख का नाही देत?" आणि मी म्हणालो, "राजा मोठा असतो ना, बाळा." तू पुढे काही बोलली नाहीस. तू काय विचारत होतीस ते मला परवा कळलं. शाळेत जाऊन मी एक शब्दही विचारला नाही, ही माझी चूक. "तू खरी कुठली?" हा प्रश्न मलाही लोक विचारायचे, पण मी चाळिशीचा होतो, मला उत्तर देता यायचं. तुला रोज बसमध्ये एकटीला द्यावं लागलं. मनू, मला माफ कर.

आता गावाबद्दल. हे मी बाजू मांडायला लिहीत नाही. मी इथे का राहिलो, हे तुला कधी नीट सांगितलंच नाही, म्हणून लिहितोय.

२००३ साली आलो तेव्हा गावाचं नावही मला उच्चारता येत नव्हतं. इंग्रजी अक्षरं वाचून मी 'इयाम' म्हणायचो, दुकानातल्या बाईंनी हळूच 'ईम' असं दुरुस्त केलं. पहिला हिवाळा फार जड गेला. दुपारी चारला अंधार, रस्त्यावर माणूस नाही. आपल्याकडे कोणी नवीन राहायला आलं की संध्याकाळपर्यंत शेजारी चहा घेऊन हजर. इथे कोणी दार वाजवलं नाही. आईला वाटलं, हे लोक आपल्याला टाळतात. काही टाळतही असतील. पण बरेच जण वाट बघत होते, आपण टिकतो की निघून जातो याची. इथे ओळख व्हायला वर्षं लागतात, हे कळायलाच मला तीन वर्षं लागली.

तुला सीमेवरचा दगड आठवतो? स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा, भोकं पाडलेला. तू त्यात बोटं घालून बसायचीस. १६६५ मध्ये लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला. सप्टेंबरात पहिला माणूस गेला. पुढच्या उन्हाळ्यात, विल्यम मॉम्पेसन हा तरुण धर्मगुरू आणि आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांच्या सांगण्यावरून, गावाने ठरवलं की कोणी बाहेर जायचं नाही. बाहेरचे लोक धान्य हद्दीवर ठेवायचे, गावकरी त्या दगडाच्या भोकांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी टाकायचे, नाण्यांतून रोग बाहेर जाऊ नये म्हणून. सुमारे २६० माणसं मेली. मॉम्पेसनची बायको कॅथरीनही गेली. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्टच्या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. रायली नावाच्या जागेतल्या त्यांच्या कबरींपाशी मी अजून जातो, आणि दर वेळी तुझा विचार येतो.

आपल्याकडे प्लेग आला की गाव ओस पडायचं, लोक माळावर झोपड्या बांधून राहायचे. १८९७ साली पुण्याच्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याहून आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, आणि त्याच आजाराने १० मार्चला त्या गेल्या. इथल्या लोकांना ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ते फार लक्ष देऊन ऐकतात. त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

२०२० ची गोष्ट तुला ठाऊक नाही, तू तेव्हा मँचेस्टरला अडकली होतीस. कोपऱ्यावरच्या आजींचं वाणसामान मी दारात ठेवायचो. पहिल्या आठवड्यात परत वळलो तर दगडी कुंपणावर जॅमची बरणी, तिच्याखाली पाच पाउंडांची नोट, ओली. उचलली तर व्हिनेगरचा वास आला. आजी खिडकीत उभ्या होत्या, हात जोडून, आपल्यासारखा नमस्कार करून. सतरा वर्षांत आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नव्हतं. ती नोट मी खर्च केलेली नाही.

सगळं चांगलं आहे असं मुळीच नाही. आपल्या गल्लीत आता दर तिसऱ्या दाराशेजारी किल्लीची छोटी पेटी दिसते, म्हणजे घर सुट्टीवाल्यांना भाड्याने. हिवाळ्यात त्या खिडक्या काळ्या. इथेच जन्मलेल्या पोरांना इथे घर घेणं परवडत नाही, ती चेस्टरफील्डला, शेफिल्डला जातात. मला हे फार लागतं. बस चुकली की अडकून पडायला होतं. आणि कोथिंबीर, हिरव्या मिरच्या अजूनही शेफिल्डहूनच आणायच्या.

एक आठवण मात्र तुझीच आहे. तू नऊ वर्षांची होतीस, इथल्या रिवाजाप्रमाणे फुलापाकळ्यांच्या चित्रांनी विहिरी सजवायचं काम चाललं होतं. भिजवलेल्या लाकडी फळीवर चिखल थापलेला, त्यावर टोचून काढलेलं चित्र. त्याच आजींनी तुला शिकवलं की पाकळ्या खालून वर लावत यायच्या, कौलांसारख्या, म्हणजे पाऊस वरून ओघळून जातो. रेघांसाठी कॉफीच्या बिया. तू तीन तास मान वर केली नाहीस. घरी येताना म्हणालीस, "बाबा, ही तर उभी रांगोळी!" त्या दिवशी तुला कोणी राजा केलं नव्हतं, एवढं तरी मी पाहिलं. की तेही मला नीट दिसलं नाही, ते तूच सांग.

ऑगस्टअखेरीस पुन्हा फळ्या भिजत घालतील. त्याच आठवड्यात प्लेगचा रविवार आहे, त्या वेळी गेलेल्यांच्या आठवणीचा. आम्ही दोघं मिरवणुकीबरोबर डेल्फ या दरीपर्यंत चालत जाणार आहोत. यावंसं वाटलं तर ग्रिंडलफर्डला उतर, मी गाडी घेऊन येतो. नाही वाटलं तरी तुझ्यावर कसलंही ओझं नाही. मग मीच पुढच्या शनिवारी तुझ्याकडे येतो. नाटकाचे पाचही फोटो घेऊन येईन. एकेक फोटो समोर ठेवू, त्या दिवशी काय झालं होतं ते तू सांग, मी ऐकतो.

आईने तुझ्यासाठी मेतकूट केलंय. ते कसंही करून पोचवतोच.

तुझा,
बाबा