डीएनए जुळला, पण तो तिथे आला कसा?

लेस्टर, इंग्लंड

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आपले पत्र मिळाले. घटनास्थळावरचा डीएनए संशयिताशी जुळल्यावर न्यायालयाने आणखी काय पाहायचे, असे आपण विचारले आहे. प्रश्न मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी शिकतो त्याच विद्यापीठात १९८४ साली ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली. १९८३ आणि १९८६ मध्ये जवळच्या दोन गावांत दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. त्या तपासात या पद्धतीने सर्वांत आधी सोडवले ते एका निरपराध तरुणाला, आणि त्याने तर त्यांपैकी एका खुनाची कबुलीही दिली होती! खरा गुन्हेगार १९८७ मध्ये पकडला गेला. मला या शास्त्राचा अभिमान वाटतो तो मुख्यतः या क्रमामुळे.

तरीही डीएनएचा अहवाल सांगतो ते एवढेच, की हा डीएनए संशयिताचा नसून दुसऱ्याच कोणाचा असता, तर तो निव्वळ योगायोगाने असा जुळण्याची शक्यता किती आहे. तो तिथे कधी आणि कसा आला, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. जर्मनीत २००७ मध्ये हाइलब्रॉन येथे एका तरुण महिला पोलिसाचा गोळ्या घालून खून झाला, तेव्हा गाडीवर एका अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील सुमारे चाळीस ठिकाणी आढळला होता. तिच्यासाठी तीन लाख युरोंचे बक्षीस लावले गेले. अखेर २००९ मध्ये उघड झाले, की तो डीएनए नमुने टिपण्याच्या कापसाच्या काड्या बांधणाऱ्या एका कामगार स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, हे खरे. पण जंतू मारले म्हणून डीएनए नाहीसा होत नाही. प्रयोगशाळेचे निष्कर्ष अचूक होते आणि तपास मात्र वर्षानुवर्षे भलतीकडे गेला, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

म्हणूनच आमच्याकडून नमुना उचलण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतात. वाळलेला डाग आधी निर्जंतुक पाण्याने किंचित ओलसर केलेल्या काडीने आणि मग कोरड्या काडीने टिपायचा, आणि दर नमुन्यागणिक हातमोजे बदलायचे. रक्ताने भिजलेला कपडा पूर्ण वाळवून कागदी पिशवीतच ठेवायचा, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए नासतो. शिवाय पिशवी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याची प्रत्येक नोंद सहीनिशी ठेवावी लागते.

तेव्हा न्यायालयाने हेच विचारायला हवे: डाग रक्ताचा होता की नुसत्या स्पर्शाचा, नमुना एकाचा होता की अनेकांचा मिसळलेला, तो कोणी आणि कसा उचलला, आणि आरोपी तिथे निर्दोष कारणाने गेला असण्याची शक्यता तपासली का. दादाने वकिली सुरू केली आहे, त्यालाही हे पत्र वाचायला द्यावे.

ती. आईस साष्टांग नमस्कार.

आपला,
सुहास