ओम्नीच्या पाट्यांची कुरकुर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ओम्नी मागून कुईकुई करते, गॅरेजवाल्याने मागच्या चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) जुनं इंजिन ऑइल फवारलं, चार दिवस गाडी गप्प बसली आणि पुन्हा तेच. पहिलं सांगणं हे की यापुढे त्या पाट्यांजवळ कुणालाही ऑइल-डिझेलचा फवारा आणू देऊ नकोस. ते पाट्याच्या टोकांशी पिनेभोवती बसणाऱ्या रबरी नळीला, म्हणजे बुशला, लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि भुगा होऊन गळतं. शिवाय तेलकट पाट्यांवर रस्त्याची धूळ चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी लोखंड खात बसते.

पावसाळाभर आवाज नव्हता, दिवाळीच्या सुमारास सुरू झाला, असं तू लिहिलंस. ही फार मोलाची खूण आहे. पाण्याने जो आवाज बसतो तो कोरड्या घासण्याचा: एक तर बुश, नाहीतर पाट्यांची टोकं. पिन झिजली असती किंवा पाटे ॲक्सलला (चाकांच्या आसाला) बांधणारे यू-बोल्ट सैल असते, तर खटखट ऐकू आली असती आणि तीही भर पावसात.

आता जागा शोध, पण गाडीत बसून कानाने नको. ओम्नीचा पत्रा डब्यासारखा घुमतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं होतं. गाडी सपाट जागी लाव, पुढच्या चाकांना ओंडके लाव. एका माणसाला मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून अंग हलवायला सांग. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी भर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाक. एका वेळी एकच जागा भिजवायची: आधी पाट्याचा पुढचा डोळा (पिन जाते ते वळवलेलं गोल टोक), मग मागच्या शॅकलची (पाट्याचं मागचं टोक गाडीला टांगणाऱ्या झुलत्या कडीची) खालची पिन, वरची पिन, शॉकअॅब्झॉर्बरची दोन्ही टोकं आणि सगळ्यात शेवटी पाटे. प्रत्येक फवाऱ्यानंतर दहा-बारा हेलकावे घ्या. ज्या फवाऱ्याला आवाज बंद होईल, ती जागा. घाईने सगळं एकदम भिजवलंस तर गाडी वाळेपर्यंत थांबावं लागेल. शॉकअॅब्झॉर्बरबद्दल शंका उरलीच, तर त्याचा खालचा बोल्ट काढून गाडी हलवून बघ.

माझा अंदाज शॅकलचा आहे. रबरी बुशचं काम घसरायचं नसतं, पिळायचं असतं. पिनेला घट्ट धरून रबर आतल्या आत पीळ घेतं, म्हणून ते निमूट असतं. जुनं होऊन कडक झालं की पकड सुटते, ते पिनेवर घसरतं आणि ओरडतं. म्हणूनच वरून काहीही लावलं तरी इलाज तात्पुरता ठरतो. बुश काढल्यावर हातात घेऊन बघ: आतली बाजू काचेसारखी चकचकीत, नख रुतत नाही, कडेला बारीक भेगा, आणि पिनेवर गंजाची तपकिरी पूड. असा बुश बदलायचाच.

बदलताना आदल्या रात्री नटांच्या आट्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मार. सकाळी नट न तुटता निघतील. जॅक चॅसीखाली (गाडीच्या सांगाड्याखाली) लावून गाडी स्टँडवर घे, म्हणजे पाटे मोकळे लोंबतील. ॲक्सलला दुसऱ्या जॅकचा नुसता आधार दे. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली मात्र जाऊ नकोस. एका वेळी एकच बाजू खोल. शॅकलच्या प्रत्येक पिनेवर दोन्हीकडून एकेक अर्धा बुश बसतो. जुने मोजून, सोबत घेऊन दुकानात जा आणि दोन्ही बाजूंचे एकदमच आण. पिन ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने साफ कर. बोटाला खाच लागली तर पिनही नवी घाल, नाहीतर नवं रबर तिथेच कापलं जाईल. बुश बसवताना साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापर, साधं ग्रीस अजिबात नको.

इथे बहुतेक जण चुकतात: गाडी वर असतानाच नट कचकून आवळतात. त्या वेळी पाटा लोंबता असतो. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नट हातापुरते लाव, गाडी चाकांवर उतरव, दोन-चार हेलकावे दे, मगच शेवटचं आवळ.

पाटे लोंबत असतानाच त्यांच्याकडेही बघून घे. तारेच्या ब्रशने गंज काढ. सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) आसपास केसासारखी चीर दिसली तर तो पाटा बाद. वरच्या पाट्याला खालच्या पाट्याच्या टोकाने खाच पाडली असेल, तर टोकाची धार कानशीने गोल कर आणि पाटे किंचित उचकटून पातळ पट्टीने ग्रॅफाइट ग्रीस आत सार, पण डोळ्यांच्या बुशपासून दूर. यू-बोल्ट सोडवावे लागले, तर चारही नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळ आणि ४००-५०० किलोमीटर झाले की पुन्हा तपास. सैल राहिले तर सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. ते कुरकुरीपेक्षा फार वाईट.

समुद्राजवळ राहतोस, तेव्हा दर महिन्याला चिखल-खार साध्या पाण्याने धुऊन टाक. रविवारी बाटली घेऊन बस आणि कुठल्या जागी आवाज थांबला ते लगेच कळव. बुश आणायला त्यानंतर निघ.

तुझाच,
मित्र