सिस्टर, तुमच्या छाट बिड्यांसाठी

सिस्टर,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर वरचे साहेब विचारतील, ड्यूटीच्या वेळेत पेशंटच्या सोप्यात बसून बिड्या वळायला कुणी सांगितलं होतं? गावाचंही नाव नको. निपाणीच्या आसपासचं, एवढं पुरे. आमच्या गल्लीतल्या बायकांना कळेलच, आणि तुम्हाला तर पहिल्या ओळीतच कळलं असेल.

आईच्या क्षयाच्या गोळ्या संपल्या, थुंकीचा रिपोर्ट चांगला आला, त्या संध्याकाळीच हे लिहायला बसले होते. दोन ओळी झाल्या आणि वही मिटली. आभार मानायचे तर आधी सगळं आठवावं लागतं, आणि आठवलं की तुमच्या आधी भेटलेली माणसं पुढं उभी राहतात. त्यांचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा तो आधी काढून टाकते.

आईचा खोकला दिवाळीच्या आसपास सुरू झाला. आमच्याकडं खोकल्याला कुणी आजार म्हणत नाही. चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई ती. "तंबाकूत बसल्यावर खोकला येणारच की," हे तिचं म्हणणं, आणि मीही दहावीपर्यंत तिच्या शेजारी बसून पानं कापल्यामुळं मला ते पटायचं. घराघरात सकाळी पहिला आवाज खोकल्याचाच असतो. त्यात क्षयाचा खोकला वेगळा कसा ओळखायचा?

ओळखायचं काम ज्याचं होतं तो डॉक्टर चार महिने खोकल्याच्या बाटल्या देत राहिला. दर खेपेला फी घेतली, एकदाही थुंकी तपासा म्हणाला नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला की थुंकी तपासायची, ही साधी गोष्ट मला नंतर तुमच्या तोंडून कळली. मग एका मोठ्या दवाखान्यात गेलो. आईनं खिडकीवर मराठीत विचारलं, थुंकी कुठं द्यायची. आतल्या माणसानं कन्नडमध्ये सांगितलं, कन्नड येणारं कुणीतरी घेऊन या. आई डबी पदराखाली झाकून परत आली. मी त्या दिवशी सोबत नव्हते, हे मला अजून टोचतं. तिसऱ्यांदा हद्द ओलांडून पलीकडं महाराष्ट्रात गेलो. तिथं सगळं गोड मराठीत झालं. "मावशी, बसा. कार्ड कर्नाटकाचं आहे का? मग इथं योजना नाही बसत." एकानं भाषेवरून परत पाठवलं, दुसऱ्यानं कार्डावरून. आईचं वजन तेवढं दोन्हीकडं सारखंच उतरत होतं.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 सालापासून सुप्रीम कोर्टात आहे. 1 नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाचे झेंडे आणि दुसरीकडं आम्हा मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी. मी स्वतः फेरीत चालले आहे, त्याची लाज नाही, पुढंही चालेन. पण एवढ्या वर्षांत दोन्ही बाजूंच्या एकाही पुढाऱ्यानं दवाखान्याच्या त्या खिडकीवर आमची भाषा समजणारा माणूस बसवा म्हणून ठिय्या दिलेला मी पाहिला नाही. पाटी कुठल्या भाषेत यावर मात्र बसेस अडल्या. 1981 साली शरद जोशींच्या मागं तंबाखूच्या भावासाठी इथला हमरस्ता अडवून लोक बसले, गोळीबार झाला, त्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. भावासाठी रस्ता अडतो. खोकल्यासाठी कुणी अडवत नाही.

झालं. आता तुमच्याकडं येते.

उपकेंद्रात तुम्ही नव्या आला होता. रायबागकडच्या, घरचं बोलणं कन्नड, मराठी मोडकंतोडकं. आशाताईनं आईला तुमच्यापुढं नेऊन बसवलं. तुम्ही वजन केलं, थुंकी पाठवली, रिपोर्ट आल्यावर घरी आलात. सहा महिन्यांच्या गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधं, मग तीन. दर महिन्याचे पोषणाचे पैसे, 500 चे 1000 झालेत नोव्हेंबर 2024 पासून, त्यातून अंडी, शेंगदाणे आणा. हे सगळं तुम्ही सांगितलंत, आणि ते तर तुमचं कामच होतं. तुम्ही आईला आतल्या अंधाऱ्या खोलीतून सोप्यात आणलंत, वारा खेळतो तिथं झोपू द्या म्हणालात. आईची ताट-वाटी आम्ही वेगळी मांडली होती. ती बघून तुम्ही मला बाजूला घेतलंत. क्षय हवेतून पसरतो, ताटातून नाही, हे सांगताना आवाज खाली ठेवलात, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याचेही आभार. पण हे पत्र त्यासाठी नाही.

हे पत्र त्या गुरुवारच्या सकाळचं आहे. आईनं तीन दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही आलात तेव्हा ती सूप घेऊन बसली होती. दुपारी माल द्यायचा होता आणि हजाराला अडीचशे कमी होत्या. तुम्ही काही विचारायला लागलात, तशी तिनं मान वर न करता सांगितलं, "बाई, आज बोलायला सवड न्हाई. माल ऱ्हायला तर पैसं बुडत्यात."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, तब्येत महत्त्वाची की पैसे? हा प्रश्न आम्ही फार ऐकलाय. विचारणारा महिन्याच्या पगारावर असतो आणि ऐकणारीला हजारावर मजुरी मिळते. गोळ्या सरकार फुकट देतं, पण दवाखान्यात जायचा दिवस फुकट नसतो. तो दिवस बिड्यांत मोजावा लागतो. आरोग्यात समानता म्हणजे काय, यावर मोठ्या लोकांची भाषणं मी ऐकली आहेत. त्यात या हिशेबाची ओळ कधी आली नाही. बिडीच्या पाकिटावर 85 टक्के जागेत भीतीचं चित्र छापतात, तेही ओढणाऱ्यासाठी. वळणारीला कुणी चित्रसुद्धा दाखवत नाही.

तुम्ही काय केलंत? पिशवी खुंटीला अडकवलीत, आईसमोर मांडी घालून बसलात आणि तिला तुमच्या कन्नडमध्ये आई म्हणून हाक मारलीत, "अव्वा, मला पण शिकवा. येत नाय मला."

आई थांबली. तुमच्याकडं बघितलं, युनिफॉर्मकडं बघितलं. मग कोपऱ्यातलं माझं जुनं सूप ओढून तुमच्यापुढं सरकवलं. पान कसं धरायचं, जर्दा किती घालायचा, वळून तोंड कसं मोडायचं, दोऱ्याचे वेढे कसे घालायचे. तुमच्या पहिल्या बिडीचं पोट फुगलेलं, दुसरीतून जर्दा गळत होता. आईचं शिकवणं फार कडक, मला विचारा. तुमच्याही बोटांवर तिनं चापट मारली. दीड तास बसला होता तुम्ही. आणि त्या दीड तासात, हात चालू आणि मान खाली असताना, आई बोलली. लघवी लाल व्हायला लागली, गोळ्यांनी आतून रक्त जातंय, म्हणून बंद केल्या. आपली पोर असून मला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसला नाहीत, रागावला नाहीत. दोरा गुंडाळत म्हणालात, "रक्त नव्हे अव्वा, गोळीचा रंग आहे तो. गोळी पोटात काम करतीया म्हणून दिसतोय." आणि पुढची बिडी घेतलीत.

त्या रात्रीपासून आईची एकही गोळी चुकली नाही.

तुमच्या साठेक बिड्यांतल्या चाळीस ठेकेदाराच्या माणसानं छाटात, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढल्या, हे तुम्हाला आम्ही सांगितलं नव्हतं. आता सांगते. आई घरी येऊन पदर तोंडाला लावून हसत होती, कित्येक महिन्यांनी. "सिस्टर सुया टोचायला बरी, बिडीला न्हाई," म्हणाली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, ही वाचते.

पुढं तुम्ही वेळच बदललीत. संध्याकाळी, माल देऊन बायका मोकळ्या झाल्यावर गल्लीत यायला लागलात. आमच्याच ओट्यावर बसून सात जणींची थुंकी घेतलीत, त्यातल्या एकीची निघाली आणि वेळेत निघाली. उपकेंद्राच्या भिंतीवरच्या कन्नड कागदाखाली मराठीत चार ओळी लिहून द्यायला मला सांगितलंत. तुम्ही तुमच्या ओळी वाचून दाखवल्या, मी माझ्या लिहिल्या. दोन्हीकडं 'क्षय' हा शब्द तेवढा तोच निघाला, त्यावर आपण दोघी हसलो होतो. तो कागद अजून आहे, कोपरा उंदरानं खाल्लाय.

कुणी म्हणेल, एका बाईच्या चांगुलपणाचं काय कौतुक, व्यवस्था सुधारा. खरं आहे, आणि त्या खिडकीसाठी मी अर्ज केलाय, सह्या घेतल्यात, परत करीन. खिडकीवर भाषा समजणारा माणूस हा आमचा हक्क आहे, तुमचं उपकारखातं नव्हे. पण नियमात कुठं लिहितील, की पेशंटची मान खाली असेल तर आपणही खाली बसावं? ते ज्याचं त्याला सुचावं लागतं. तुम्हाला सुचलं.

आई आता पुन्हा बसते, पण ओट्यावर, उजेडात आणि थोडा वेळ. कुणी आलं की "ऊटा आतेन्री?", जेवण झालं का, असं विचारते. एवढंच कन्नड शिकली, तेही तुमच्या तोंडून.

छाटातल्या चाळीसांतून आईनं एक जुडी मागून आणली होती. ती देवळीत आहे. कुणाला हात लावू देत नाही. परवा स्वतःच काढून मोजली, तर पंचवीसच्या जागी चोवीस. आई म्हणते, एक सिस्टरकडं बाकी ऱ्हायली. या रविवारी यायला जमेल का? पानं भिजवून ठेवते.

तुमच्या अव्वाची लेक